देवापुढे बोललेलं

१० जानेवारी २०२५, शुक्रवार
सप्तशृंगी माता प्रसन्न.

आज आले ते असे. हलव्याचे दागिने, एक संच: हार, बांगड्या, बिंदी, कंबरपट्टा, रु. ५५० (विकणारी साडेसहाशे सांगत होती). काळी साडी, लाल काठाची, रु. १३५०. पांढरे तीळ अर्धा किलो, रु. १२०. चिक्कीचा गूळ एक किलो, रु. ८०. ही रोजनिशी बँकेची, फुकट. पण ह्यांना तिच्यासाठी दोनदा जावे लागले, रिक्षा धरली तर फुकट नाही.

दागिने आणि साडी आमच्या सुनेची, अंजलीची. मे महिन्यात लग्न झाले, ही पहिली संक्रांत. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवून, हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकू करतात, ते रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालते. यंदा रथसप्तमी चार फेब्रुवारीला आहे.

अंजली दोन डिसेंबरला नांदगावला माहेरी गेली. आईचा गुडघा दुखतो म्हणाली. एका गुडघ्याला चाळीस दिवस लागत नाहीत, एवढे मलाही कळते.

माझ्याकडून काही झाले का, हे मी मन लावून आठवून पाहिले. काही नाही. नोव्हेंबरात आमच्या ओमची अंबडच्या कंपनीतली नोकरी गेली, तेव्हासुद्धा मी तिला एका शब्दाने बोलले नाही. मला काही वाटले तर मी ते देवापुढे बोलते, माणसापुढे नाही. ही सवय लग्न झाल्यापासूनची आहे आणि तिने माझे पुष्कळ भले केले आहे.

१२ जानेवारी, रविवार
खालच्या हॉलमध्ये महिला मंडळ. दुसऱ्या मजल्यावरची पायल समाजकार्याचे शिकते, ती हल्ली रविवारी तासभर आमचा वर्ग घेते. आज तिने गृहपाठ दिला: प्रत्येकीने स्वतःचे पाच चांगले गुण लिहून आणायचे. नवऱ्याचे नाही, मुलांचे नाही, स्वतःचे.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सुलाबाई आमच्यात सर्वांत मोठ्या, त्या म्हणाल्या, "अगं पोरी, आमच्या वेळी बाईचे दुर्गुण मोजायची पद्धत होती. आणि ते काम सासूकडे असायचं, आम्हाला सवय नाही."

मी म्हटले, "दहावीला मला बावन्न टक्के गुण पडले होते. त्यातले पाच लिहून घे."

हशा झाला. पण जिना चढताना मला एकही सुचेना. आमची आई म्हणायची, आपल्या तोंडाने आपले गुण सांगितले की तेवढे वजा होतात. वजा होण्याइतके तरी आहेत का, ते पाहायला हवे.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी
मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ह्यांना वाटाणा आणायला पाठवले, तर भाव न करता घेऊन आले. देवघर आमच्या स्वयंपाकघरातच आहे, ओट्याच्या बाजूला. दिवा लावताना मी म्हटले, "आई सप्तशृंगे, ह्यांना बाजारात पाठवायची बुद्धी मला का दिलीस?"

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "ऐकलं हो! देवीला सांग, वाटाणा ताजा आहे."

पस्तीस वर्षे झाली. देवाशी चाललेल्या बोलण्यात मध्ये बोलू नये, हे ह्यांना अजून कळलेले नाही.

जेवताना ह्यांना विचारले, माझ्यात चांगला गुण कोणता. हे घास हातात धरून विचार करत राहिले. भाजी गार व्हायला लागली. मग म्हणाले, "तू कितीही भांडत असलीस तरी गॅस बारीक करायला विसरत नाहीस."

"हा गुण झाला?"

"मग! प्रेसमध्ये एवढी वर्षं नोकरी केली, असं डोकं ठिकाणावर असलेला माणूस एक नाही पाहिला."

चेष्टा होती की काय, देवी जाणे. मी लिहून ठेवला आहे.

ओम जेवून लगेच उठला. त्याला सिन्नरला काम मिळाले आहे, पगार कमी. रविवारी तो नांदगावला जातो, रात्री परत येतो. काय म्हणते अंजली, असे विचारले की म्हणतो, "बरी आहे." हा मुलगा लहानपणी शाळेतून आला की तासभर गोष्टी सांगायचा.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
सकाळी अंजलीला फोन केला. तिळगूळ घे, गोड बोल, म्हटले. ती म्हणाली, "हो आई." आणि जरा थांबून, "तुम्ही पण."

बरे वाटले. पद्धतच आहे तशी म्हणण्याची. पण पद्धतीने म्हणणाऱ्या मध्ये थांबत नाहीत. फोन ठेवल्यावर मला उगाच वाटत राहिले की मी काहीतरी ऐकायचे चुकवले.

१६ जानेवारी, गुरुवार
शेजारच्या रेहानाला उसण भरली. कपड्यांची बादली उचलली आणि तशीच वाकून राहिली. तिची चार वर्षांची नात आयत मला बोलवायला आली: "दादीला लाथ मारायला चला."

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोके नाही, पाय आधी आले. पायाळू माणसाने पाठीवर पाय लावला की उसण उतरते असे म्हणतात. रेहाना पालथी झोपली, मी देवीचे नाव घेऊन डावा पाय तीनदा लावला. भार टाकायचा नसतो, नुसते टेकवायचेही नसते. किती, ते सांगता येत नाही, तळव्याला कळते. रेहाना गोळीसुद्धा घेते, ते ती लपवत नाही. पण थोड्या वेळाने उठून बसली तेव्हा म्हणाली, "आला बघा गुण! भाभी, तुमच्या पायाला गुण आहे."

मी तिला गृहपाठाचे सांगितले. म्हटले, पायाचा गुण लिहू का? ती खळखळून हसली आणि मग एकदम हसायची थांबली. म्हणाली, "तुमच्या पायाला गुण आहे, मग बहूच्या पायाला काय झालं होतं, भाभी?"

"म्हणजे?"

"काही नाही. आमच्या खिडकीपर्यंत येतं ना कधी कधी, म्हणून बोलले. जाऊ द्या."

काय येते खिडकीपर्यंत? मला राग आला. तिने पुढ्यात ठेवलेला चहा मात्र पिऊन आले, टाकला तर वाया जातो.

घरी आल्यावर एक जुनी गोष्ट वर आली ती इथे लिहिते, कधी कोणाला सांगितलेली नाही. मी लग्न होऊन देवळ्याला गेले, आणि नवव्या दिवशी सासरे गोटीरामबाबा कांद्याच्या मार्केटात उभ्या उभ्या गेले. हृदय बंद पडले. बायका जमल्या होत्या. तेव्हा माझी मोठी नणंद चंद्रभागाआक्का सगळ्यांत म्हणाली, "पायाळू पोरगी आणली. घ्या, दावला पायगुण."

मी वीस वर्षांची होते. मेंदी गेली नव्हती. त्या दिवशी मी मनाशी ठरवले की इतके चांगले वागायचे, इतके, की हा शब्द पुन्हा कोणाच्या तोंडी येता कामा नये. सासूबाईंचे शेवटची सहा वर्षे अंथरुणात सगळे केले. कोणाला उलटून बोलले नाही. मन भरले की देवघरापुढे बसायचे आणि तिथे बोलायचे.

१८ जानेवारी, शनिवार
हलव्याच्या डब्याला मुंग्या लागल्या. अंजलीची वाट पाहत ठेवले असते तर सगळेच गेले असते. आयत आली होती, तिला हार घातला. तिने आरशात पाहिले, आनंदाने नाचली आणि पुढच्या पाच मिनिटांत अर्धा हार खाल्ला. उरलेल्या बांगड्या रेहानाने खाल्ल्या. पैसे गेले, पण दोघींची तोंडे पाहून तसे वाटले नाही. उसणीचा रुसवाही गेला.

१९ जानेवारी, रविवार
मंडळात माझी यादी वाचली: १. काटकसर. २. देवधर्म. ३. कधी कोणाला उलटून बोलले नाही. ४. सासूची सेवा. ५. भांडतानाही गॅस बारीक करते.

पाचव्याला टाळ्या पडल्या. पायल म्हणाली, "काकू, तिसऱ्याचं एखादं उदाहरण सांगा ना. कोणी काय बोललं आणि तुम्ही काय केलं."

मी सांगू लागले, की मी त्या वेळी गप्प बसते आणि नंतर देवापुढे सांगते.

"मनातल्या मनात?" पायलने विचारले.

"मनातल्या मनात कशाला? देवाला चोरून बोलायचं का?"

सुलाबाई म्हणाल्या, "म्हणजे छाया, तू उलटून नाही बोलत, सुलटून बोलतेस."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण पायल हसली नाही, ती माझ्याकडे पाहत राहिली. तरण्या मुलींनी असे पाहू नये.

२१ जानेवारी, मंगळवार
ओमच्या पँटच्या खिशात कागद सापडला. पाथर्डी फाट्याला एक खोली, भाडे किती, डिपॉझिट किती, एक फेब्रुवारीपासून. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "मला माहीत आहे." मला सोडून सगळ्यांना माहीत होते.

संध्याकाळी ओम आला. पाण्याचा तांब्या देऊन समोर बसले. म्हटले, "वेगळं राहायचं तर राहा. पण माझं काय चुकलं ते सांगून जा. मी तिला आजवर एक शब्द बोलले का?"

ओम म्हणाला, "तिला नाही बोललीस."

"मग?"

"आई, माझी नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू दिवा लावत होतीस. ती तुझ्या मागे पोळ्या लाटत होती. तू देवीला काय म्हणालीस?"

मी आठवू लागले. खरेच आठवेना.

"तू म्हणालीस, 'आई सप्तशृंगे, सहा महिने झाले नाहीत घरात येऊन, काय पायगुण म्हणायचा हा.'"

मी म्हटले, "अरे, पण ते मी देवीला म्हटलं."

ओम म्हणाला, "आई, देवी कुठे जाणार होती? ऐकणारं माणूस तिथे एकच होतं."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आणि ते एकदाच नाही. पुढे रोज. ती मला म्हणायची, मी काय उलट बोलू, त्या माझ्याशी बोलतच नाहीत."

२२ जानेवारी
दिवा लावला. नुसती बसून राहिले. हे दारात येऊन म्हणाले, "आज देवीला सुट्टी का?" मी वर पाहिले तसे हे आत आले, शेजारी खाली बसले. ह्यांचे गुडघे दुखतात, खाली बसत नाहीत कधी.

"तुम्हाला रोज ऐकू यायचं," मी म्हटले. "मला थांबवलं का नाही?"

"मला वाटायचं, माझ्यापुरतंच आहे," हे म्हणाले. "माझं काय, मला सवय झाली. मला आवडतंही. पण पोर नवीन होती गं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ते माझं चुकलं."

२६ जानेवारी, रविवार
चंद्रभागाआक्का आल्या, भाच्याच्या गाडीतून, अर्धे पोते कांदे घेऊन. आता पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. दरवर्षी येतात, माझ्या हातची कढी मागतात. मी त्यांना वाढते आणि त्या दिवशीचे तेवढे सोडून सगळे बोलते. आज जेवण झाल्यावर सुपारी कातरताना मी विचारले.

"आक्का, बाबा गेले तेव्हा तुम्ही माझ्या पायगुणाचं बोलला होतात. आठवतं?"

त्या खरोखरच विचारात पडल्या. "मी? आसं म्हनले व्हते मी?"

"सगळ्यांदेखत."

"न्हाय बा याद." मग म्हणाल्या, "म्हनले आसंन. बाप गेलेला माझा. राग कोनावर तरी काढायचा व्हता, आन् तू म्होरं व्हती. तुला अजून ध्यानात हाय?"

"पस्तीस वर्षं."

"अगं बया." त्यांनी माझा हात धरला, अडकित्त्यासकट. "मंग तवाच म्हनायचं न्हाय का मला, की आक्का, तोंड सांभाळ? मी काय वाघ हाय? आन् मी समद्या गावात सांगते, आमची छाया लय चांगली, लय चांगली. तू काय माझ्या त्या बोलन्यापायी चांगली वागली व्हय?"

उत्तर हो असे आहे, आणि ते मलाही आजच कळले.

आक्का माफी मागायच्या बेताला आल्या. मी म्हटले, राहू द्या. खरे सांगायचे तर मला त्यांच्या माफीची गरज वाटली नाही. मला दुसरीच भीती वाटली. आक्का विसरल्या, तशी मीही विसरले होते. ओमने सांगितले नसते तर पंचाहत्तरीला मीही अंजलीला म्हटले असते, मी? असं म्हणाले होते मी? आणि अंजली पस्तीस वर्षे चांगली वागत राहिली असती. मी त्याचे श्रेय घेतले असते.

२८ जानेवारी, मंगळवार
तीनदा फोन लावला. पहिल्यांदा तिने उचलला, मी म्हटले "जेवलीस का" आणि पुढे गुडघ्याची चौकशी केली. दुसऱ्यांदा तिळाचा भाव सांगितला. तिसऱ्यांदा घंटी वाजायच्या आत मीच ठेवला. फोनवर माझी जीभ ओळखीच्या वाटेनेच जाते.

पायलला जिन्यात गाठले. म्हटले, "माझी यादी मला परत दे. तिसरा खोडायचा आहे."

ती म्हणाली, "काकू, खोडू नका. तो तुम्हाला हवा असलेला गुण आहे. नुसता अजून पुरा झालेला नाही."

ही मुलगी नवऱ्याला फार शहाणी वाटेल. होवो बिचारीचे चांगले.

यादी घरी आणून पुन्हा वाचली. काटकसर खरी. देवधर्म किती माझा आणि किती बोलायला जागा म्हणून, ते देवीला ठाऊक. सासूची सेवा मी केली, पण रोज दारावर कोणाचा तरी डोळा आहे असे धरून केली. त्यांच्या पाठीला तेल लावताना मात्र तो डोळा नसायचा. तेव्हा फक्त ती म्हातारी पाठ आणि माझे हात. तेवढा वेळ मी चांगली होते, असे म्हणायला हरकत नाही. रेहानाच्या पाठीवर पाय ठेवते तेव्हाही. किती भार द्यायचा ते कळणे, हा माझ्यात एक गुण आहे. लिहिला. वजा झाला तर होवो. तो जिभेपर्यंत पोचवायचा राहिला आहे.

३० जानेवारी, गुरुवार
पत्र लिहिले. बिटको चौकातल्या टपाल पेटीत टाकायला स्वतः जाणार आहे, ह्यांच्या हाती देणार नाही, वाटेत वाटाणे घेतील आणि विसरतील. नक्कल खाली ठेवते.

चि. सौ. अंजलीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर जमले नाही म्हणून लिहिते. ओमची नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिव्यापुढे तुझ्या पायगुणाचे बोलले, आणि पुढेही बोलत राहिले. मी देवीला सांगते आहे असे मला वाटायचे. ते खोटे होते असे नाही, पण तू दोन हातांच्या अंतरावर उभी आहेस हे मला दिसत होते. तोंडावर बोलले असते तर तुला उत्तर तरी देता आले असते. मी तुला तेवढेही ठेवले नाही. मी चुकले.

नोकरी माझ्यामुळे गेली नाही, तुझ्यामुळे गेली नाही, कंपनीने माणसे कमी केली. यात कोणाचे पाय आले कुठून? हा शब्द मलाही एकदा लागला होता. त्याने किती दुखते हे ज्या बाईला ठाऊक, तिनेच तो उचलून तुला द्यावा, याचे मला जास्त वाईट वाटते. भेटलीस तर ती हकिकत सांगेन, नाहीतर राहू दे. ते माझ्या वागण्याचे कारण म्हणून सांगायचे नाही.

त्या दिवशी मी बोलले तरी तुझे लाटणे थांबले नव्हते. बावीस पोळ्या केल्यास आणि सगळ्या फुगल्या. त्याच संध्याकाळी तू खालच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी धरलीस आणि कोणाला सांगितले नाहीस. सासऱ्यांना चष्मा सापडला नाही की पेपर वाचून दाखवायचीस, मरणाच्या बातम्या गाळून. मी हे सगळे पाहिले होते. यातले देवीला मी एकही सांगितले नाही. आता रोज सांगते, मोठ्याने, पण ऐकायला तू नाहीस.

पाथर्डी फाट्याची खोली मला कळली. तुम्हाला तिकडे राहावेसे वाटत असेल तर राहा. तीन शिट्ट्यांत डाळ शिजवणारा लहान कुकर आहे तो देईन. रागाने देत नाही. हळदीकुंकवाचे मनावर घेऊ नकोस, तारखेसाठी येऊ नकोस.

मला नांदगावला येऊन तुझ्यासमोर हे तोंडाने बोलायचे आहे. सकाळच्या गाडीने येईन, संध्याकाळच्या गाडीने परत जाईन, तुझ्या आईला जेवणाचा त्रास देणार नाही, डबा आणीन. पण तू म्हटल्याशिवाय येणार नाही. सोबत एक कार्ड घातले आहे, त्यावर आपला पत्ता मी लिहून ठेवला आहे, तुला नुसते 'या' किंवा 'नको' लिहायचे आहे. नको असेल तर नकोच लिही, माझे मन राखायला या लिहू नकोस. जे असेल ते उलट टपाली कळव.

तुझी,
छाया